पंचक्रोशीच्या डाव्या हाताला

काशीत मरायला कोणी भीत नाही. मी भीत होते, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

आमचं घर मंगला गौरीच्या गल्लीत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला. मी मूळची वाईची. लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंनी मोठ्या कौतुकानं मला सांगितलं होतं, की इथे मरणाऱ्याच्या कानात खुद्द विश्वनाथ मंत्र सांगतो आणि मग पुन्हा जन्म म्हणून नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, माझं आत्ता कुठे लग्न झालंय, मला एवढी घाई नाही. इथल्या लोकांचा मरणाशी घरोबाच. भाजी घ्यायला निघालं तरी एखादी तिरडी आडवी येते, माणसं तिला वाट देतात आणि भोपळ्याचा भाव पुढे चालू करतात. मला ते कधी जमलं नाही.

विलायतेत राणीसरकार वारल्या त्याच सुमाराला प्लेग काशीत शिरला. थंडी सरत आली की तो कुठल्या ना कुठल्या मोहल्ल्यात डोकं काढायचा. मग एका फाल्गुनात तो आमच्या गल्लीत आला.

दुपारची वेळ होती. मी गहू निवडत बसले होते. माझी बकुळ तेव्हा सहा वर्षांची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि घाईत असली की दोन्ही एकदम. ती जिन्यावरून एकेक पायरी जपून उतरत आली, हातांची ओंजळ धरून.

"आई, हळू बोल," ती म्हणाली. "चूहा सो गया है."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तिच्या हातावर मी असा फटका मारला की उंदीर उडून मोरीत पडला आणि तिनं भोकाड पसरलं. राख आणि कढत पाणी घेऊन मी तिचे हात लाल होईपर्यंत चोळले. माझा धाकटा भाऊ पुण्याला प्लेगात गेला होता. उंदीर पडला की घर सोडायचं, एवढं मला माहेरून कळलं होतं. त्यापलीकडे प्लेगातलं मला काही कळत नव्हतं, आणि डॉक्टरांनाही फार कळत होतं असं नाही.

"हात वर कर," मी तिला म्हटलं. दोन्ही काखा चाचपल्या. मग जांघा. मग मान. काही नव्हतं. तासाभरानं पुन्हा चाचपल्या. त्या दिवसापासून तिला उठवताना, न्हाऊ घालताना, जेवायला वाढायच्या आधी, मी म्हणायची, हात वर कर, आणि ती बिचारी खेळ समजून दोन्ही हात वर करून उभी राहायची.

अन्नपूर्णाकाकू त्याच आठवड्यात गेल्या. काल गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई, आज तापानं फणफणली, उद्या काखेत लिंबाएवढी गाठ, आणि परवा संपली. खांदा द्यायला गल्लीतून माणसं मिळेनात. एरवी तिरडीला हात लावायला पुढे पुढे करणारी मंडळी त्या दिवशी दारं लावून आत जप करत होती. तरीही खिडकीतून कोणीतरी काकूंच्या नवऱ्याला म्हणालंच, "भाग्यवान बाई. काशी मिळाली." मला इतका संताप आला की मी खिडकी धाडकन लावून घेतली.

नगरपालिकेचा माणूस दवंडी पिटून गेला होता, की घरं सोडा, शहराबाहेर मोकळ्यावर राहा. जबरदस्ती नव्हती. आमच्या गल्लीतली अर्धीअधिक घरं एव्हाना बगीच्यांमधून झोपड्या घालून राहायला गेली होती. काशीत मरायचं म्हणून नागपूर सोडून आलेल्या आमच्या गंगाबाई, केस उतरवलेल्या, सदा हातात माळ, त्या तर सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या होत्या. मी त्यांना हसले नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

आम्ही मात्र तिथेच होतो, आणि त्याला कारण माझे सासरे, नीलकंठशास्त्री. सासूबाई गेल्यावर मामंजींनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे भगवी वस्त्रं नव्हेत. संसारात राहायचं, पाठशाळेत शिकवायचं, पण जिवंत असेतो काशीची हद्द ओलांडायची नाही. हद्द म्हणजे पंचक्रोशीचा रस्ता. यात्रेकरू काशीला वळसा घालत अनवाणी चालतात तो. त्याच्या आत काशी, त्याच्या बाहेर बाकीचं जग. मामंजींचे डोळे मोतीबिंदूनं अधू झाले होते, पण व्रत कडक. मुलीच्या लग्नाला प्रयागला गेले नव्हते ते.

त्यांना एकटं टाकून हे यायला तयार नव्हते. हे म्हणजे माझे यजमान. मी ह्यांना टाकून कुठे जाणार? आणि बकुळनं मेलेला उंदीर ओंजळीत धरला होता.

"शिवपूरच्या बगीच्यात एक झोपडी बघून ठेवलीय," हे मला स्वयंपाकघराच्या दारात म्हणाले. "तू आणि बकुळ जा. मी बाबांपाशी थांबतो."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"काशीत आहोत आपण."

मग माझा तोल गेला. सासऱ्यांसमोर सून मोठ्यानं बोलत नाही, मी तर त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. "मामंजी," मी म्हटलं, "तुमच्या व्रतापायी माझी पोर जायला नको. मला मोक्षातलं काही कळत नाही. मला रात्रंदिवस भीती वाटते. घास उतरत नाही घशाखाली."

हे मागून म्हणाले, "अगं, काय बोलतेयस?"

मामंजी जपमाळ धरून बसले होते. त्यांची बोटं थांबली. "उंदीर बकुळनं उचलला होता?" त्यांनी विचारलं. हे मला तोपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं.

"हातात धरला होता," मी म्हटलं.

"विष्णु, शिवपूरला म्हणालास. बाग कोणती?"

"पांडवांच्या देवळासमोरची. मोठ्या विहिरीची," हे म्हणाले. "पंचक्रोशीच्या रस्त्यालाच लागून आहे. पण नक्की आत की बाहेर, ते विचारायला हवं." ह्यांनी पंचक्रोशी एकदाच केलेली, तीही वडिलांच्या खांद्यावर बसून. मी तर केलीच नव्हती.

मामंजींनी माळ सावकाश गोमुखीत ठेवली. "आत आहे ती," ते म्हणाले. "मी पण येतो. गाडी सांग."

मामंजींनी आत म्हटलं म्हणजे आत. ज्यांच्याकडे सगळी काशी यात्रेचे नियम विचारायला येते त्यांना कोण विचारणार, की खात्री आहे का? ह्यांचा चेहरा एकदम हलका झाला. मी देवाला हात जोडले आणि गाद्या गुंडाळायला लागले.

गल्लीतून गाडी जात नाही, म्हणून मैदागिनच्या नाक्यापर्यंत चालत गेलो. वाटेत दोन ठिकाणी दाराशी मेलेले उंदीर पडलेले दिसले. मी बकुळचं तोंड पदराखाली झाकून नेलं. बैलगाडीत ती मामंजींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि वरुणेचा पूल ओलांडून उन्हं उतरता उतरता आम्ही शिवपूरला पोचलो. शेवटी गाडी एका चढावर धडधडली, पलीकडे उतरली आणि आंब्याच्या बागेत शिरली. आंब्याला मोहोर आला होता. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, दमले असतील.

बागेत गवताच्या झोपड्या होत्या. आम्हाला दोन मिळाल्या, एक आमची, एक मामंजींची. शेजारी गंगाबाई. पहिले काही दिवस मला झोप लागली, घास उतरायला लागला. बकुळ विहिरीभोवती माळ्याच्या बकऱ्यांमागे पळायची. मी मात्र हात वर कर म्हणायचं सोडलं नाही. मामंजी झोपडीच्या दाराशी रस्त्याकडे तोंड करून बसायचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिकडे त्यांना काय दिसत होतं देव जाणे.

अन्नपूर्णाकाकूंच्या तेराव्याला कोणी भिक्षुक मिळेना म्हणून हे शहरात गेले. मी जाऊ नका म्हटलं, पण शेजारधर्म. "उद्या दुपारपर्यंत येतो," म्हणाले.

ते गेले त्याच दिवशी यात्रेकरूंचा एक जथा आला. प्लेग असो नाहीतर काही असो, फाल्गुनातली पंचक्रोशी चुकवायची नाही असे लोक असतात. त्यांनी देवळात दर्शन घेतलं. मग त्यांच्यातला एक धोतर सावरत रस्ता ओलांडून सरळ आमच्या कुंपणाशी आला आणि खुशाल बसला. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. माझं डोकं फिरलं.

"शरम नहीं आती? बालबच्चे रहते हैं यहाँ," मी ओरडले. "उधर क्यों नहीं जाते? उधर पूरा खेत पड़ा है."

तो घाबरून उठला. हात जोडून म्हणाला, "उधर कैसे बैठें, माई? दाहिने हाथ तो काशीजी हैं. पूरे रास्ते सब बाएँ ही बैठते हैं."

तो निघून गेला. मी ओला पंचा हातात धरून उभी राहिले. देऊळ रस्त्याच्या पलीकडे. सगळी देवळं उजव्या हाताला. आम्ही देवळासमोर. म्हणजे डावीकडे. म्हणजे बाहेर. रस्ता केवढा, तर दोन बैलगाड्या एकमेकींना घासून जातील एवढा.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांची चूक झाली, असं मला वाटलं. म्हातारपण, अधू डोळे, झाली असेल चूक. पण त्यांना सांगायचं कसं? ज्या माणसानं पोटच्या मुलीचं लग्न सोडलं, त्याला सांगायचं, की तुम्ही हद्दीबाहेर जेवताय आणि झोपताय म्हणून? हे आले की बघू, असं ठरवून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मामंजी दाराशी येऊन बसले नाहीत.

मी पाणी घेऊन गेले. आतून त्यांचा आवाज आला, "तिथेच ठेव. आत येऊ नकोस."

मला कळलं. तरी विचारलं, "गाठ आहे?"

"जांघेत. पहाटेपासून."

तांब्या दाराशी टेकवताना अर्धं पाणी सांडलं. मी धावत जाऊन बकुळला पकडलं, हात वर कर, काखा, जांघा, मान. काही नव्हतं. तिला गंगाबाईंच्या झोपडीत कोंबलं आणि म्हटलं, मी सांगेपर्यंत हिला सोडू नका. गंगाबाईंनी तिला कुशीत ओढून दार लावून घेतलं. माळ्याला मात्र कसं कोण जाणे, कुणकुण लागली. त्यानं बकऱ्या सोडल्या आणि तो गावाकडे पळाला. बाकीच्या झोपड्यांतले लोकही बोचकी बांधायला लागले. "आमचे सासरे आहेत, खाट रस्त्यापलीकडे न्यायचीय, कोणी हात लावा," असं मी एकाला म्हटलं, तर तो माझ्यापासूनच चार हात लांब सरकला. त्याला दोष कसा देऊ? त्याच्या जागी मी असते तर मीही सरकले असते.

दुपार टळली. हे अजून आले नव्हते. मी मामंजींच्या दाराशी पुन्हा उभी राहिले. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"मामंजी," मी म्हटलं, "ही बाग बाहेर आहे. काशीच्या बाहेर."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"विष्णु देवळासमोरची म्हणाला तेव्हाच. त्या विहिरीचं पाणी मी दर यात्रेत प्यायलोय, सूनबाई."

मी म्हटलं, "मग आत आहे असं का म्हणालात?"

"खरं सांगितलं असतं तर मला घरीच बसावं लागलं असतं. मी बसलो की तो बसला असता. तो बसला की तू बसली असतीस." ते थांबले, धाप लागली होती. "आणि पोरीनं उंदीर उचलला होता. गाडी रस्त्यावर चढली तेव्हा एकदा वाटलं, उतरावं. पण ती मांडीवर झोपली होती."

मी दाराच्या कुडाला धरून रडले. उंबऱ्याशी उभं राहून मी काय बोलले होते, ते सगळं मला आठवत होतं.

"मला भीती वाटते," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, मरणाला भ्यायचं नाही. ते तिकडचं सांगत होतो, रस्त्यापलीकडचं. इथे काय होतं ते मला माहीत नाही. इथे कानात सांगायला कोणी येणार नाही. फार भीती वाटते गं."

त्या घरात आल्यापासून भीती वाटते असं म्हणणारं दुसरं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं. मी पदर खोचला आणि आत गेले.

"शिवू नकोस मला. तुला पोर आहे."

"पोर गंगाबाईंकडे आहे," मी म्हटलं.

धीट वगैरे मी मुळीच झाले नव्हते. ज्या अंगाला शिवलं की आपल्याला गाठ येते, त्या अंगाखाली मी हात घातला आणि त्यांना खाटेच्या मधोमध सरकवलं. ते अंग तव्यासारखं तापलं होतं. जुन्या लुगड्याचा पीळ करून खाटेच्या डोक्याकडच्या पायांना बांधला आणि उलटी चालत ओढायला लागले. झोपडीच्या दारात खाट अडली, तेव्हा मी कूड लाथेनं पाडला. बागेत मुळ्यांवरून खाट अडखळत होती, प्रत्येक धक्क्याला मामंजी कळवळत होते, आणि तरी मधूनच पुटपुटत होते, "सोवळं मोडलं सगळं." मी म्हटलं, "मोडू दे." मामंजींना असं उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं.

गंगाबाईंच्या झोपडीतून बकुळची हाक आली, "आई, मैं भी आऊँ? मी धक्का देते."

"आत राहा," मी ओरडले. "बाहेर आलीस तर बघ."

रस्त्याचा चढ मला आजही स्वप्नात दिसतो. खाट दोनदा घसरून खाली गेली. कोणी आलं नाही. तिसऱ्यांदा मी लुगड्याचा फास खांद्यात घेतला, गुडघ्यांवर टेकले आणि रांगत रांगत तिला वर आणलं. रस्त्यावर मऊ धूळ होती, तिथे ती सहज सरकली. पलीकडे देवळाच्या भिंतीलगत कडुलिंब होता. त्याच्या सावलीत आणून मी खाट सोडली आणि जमिनीवर पडले.

"आलो?" मामंजींनी विचारलं.

"आलो. देऊळ तुमच्या डोक्याशी आहे."

त्यांनी हात खाली सोडला, जमीन चाचपली, चिमूटभर माती कपाळाला लावली. मग म्हणाले, "आता लांब बस." मी लांब बसले नाही. गंगाजळाची लोटी घरात राहिली होती, म्हणून देवळाच्या कुंडातलंच पाणी त्यांच्या तोंडात घालत राहिले. दिवस मावळायच्या आत ते गेले. कानात कोणी काही सांगितलं की नाही ते मला दिसलं नाही. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा भ्यालेला नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन.

हे त्यानंतर थोड्या वेळानं पोचले. मी त्यांना लांबूनच थांबवलं आणि सगळं सांगितलं. ह्यांनी वडिलांना बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि रस्त्याच्या मधोमध मटकन खाली बसले. व्रत मोडून बाहेर राहिलेल्याला शेवटच्या घटकेला आत आणलं तर काशी मिळते का, यावर शास्त्रीमंडळींनी पुढे पुष्कळ वाद घातला.

मी मामंजींना शिवले होते. ह्यांनी त्यांना अग्नी दिला होता. म्हणून आम्ही दोघं देवळाच्या ओसरीत राहिलो आणि बकुळ रस्त्यापलीकडे गंगाबाईंकडे. ती रोज रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. गंगाबाईंनी तिथे काठीनं रेघ मारून दिली होती, तिच्यापुढे पाऊल टाकायचं नाही म्हणून. तिथून ती मला बकरीची गोष्ट सांगायची आणि मग विचारायची, "आई, तू इकडे कधी येणार?" मी म्हणायची, येणार. ती गेली की भिंतीआड जाऊन स्वतःची काख चाचपायची. अंग जरा कोमट लागलं की पुन्हा पुन्हा चाचपायची. मी काशीत होते, देवळाच्या पायाशी होते, मेले असते तर लोकांनी भाग्यवान म्हटलं असतं. मला काशी नको होती. मला तो रस्ता ओलांडून डाव्या हाताला जायचं होतं.

गाठ आली नाही, मलाही नाही आणि ह्यांनाही नाही. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या दिसायला लागल्या तेव्हा एका सकाळी मी कुंडावर न्हायले, गंगाबाईंनी धाडलेलं धुतलेलं लुगडं नेसले आणि रस्ता ओलांडला. बकुळ रेघेवर उभी होती. मला वाटलं, धावत येऊन बिलगेल. मी खाली बसून हात पसरले. ती जागची हलली नाही.

"आई," ती म्हणाली, "हात वर कर."

मी हात वर केले. तिनं जवळ येऊन माझ्या दोन्ही काखा चाचपल्या, मग मान, अगदी मी करायची तशी, सावकाश, श्वास रोखून. मग म्हणाली, "काही नाही," आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.